सॉवर्बी ब्रिज, दुसरा शनिवार

मेथडिस्ट हॉलच्या मागच्या खोलीत
मी महिन्यातून एकदा टेबल मांडते.
टोस्टर येतात, केटल येतात,
एकदा पोटात बॅटरी फुटलेलं बोलकं अस्वल आलं होतं.
आज एनिड सटक्लिफ आली,
चष्म्याच्या डबीएवढा संगणक
लोकरीच्या मोज्यात घालून.

"व्हर्ननचा," म्हणाली. "दिसत काही नाही याच्यावर.
पण रोज कोकलतो. हिवाळ्यात चार दहाला,
उन्हाळ्यात पाच दहाला. अकरा वर्षं."
आणि तू सेल बदलत राहिलीस?
"तो म्हणायचा, दोन्ही एकदम काढू नकोस,
सगळं विसरेल."
म्हणून एक काढायची, एक घालायची,
मग दुसरा.
(म्हणजे आतला बटणाएवढा सेलही
इतकी वर्षं चिकटून बसलाय जागेला.)

मी झाकण उघडलं.
राखाडी, पावसाआधीच्या पत्र्यासारखं.
कळ दाबली, टक्. दुसरी, टक्.
ऐकू येतंय याला.
टॉर्च तिरका धरला, अक्षराचा मागमूस नाही.
झाकण हळूहळू मिटत आणलं, अर्ध्यावर
दोन काळ्या रेघा थरथरल्या
आणि गेल्या.

इचलकरंजीला बाबा मागावर होते.
म्हणायचे, कापडात भोक दिसलं
की कापडाकडे बघत बसू नये,
धागा मागे कुठे तुटला ते बघावं.
हे गावही कधीकाळी मागांचंच,
नदीकाठच्या गिरणीत आता फ्लॅट आहेत,
पण बाबांचं वाक्य इथंही चालतं.

तुटलं होतं बिजागरीत.
पडद्याकडे जाणारी पातळ तपकिरी पट्टी,
उघड-मीट उघड-मीट, हजारो वेळा,
जुनी रेशमी साडी घडीवरच विरते
तशी विरलेली.

दुसऱ्या एका मेलेल्या यंत्राची पट्टी माझ्याकडे होती.
आधी बाहेरून दोन तारा जोडल्या,
सलाइन लावावं तसे तीन व्होल्ट थेंबथेंब चालू ठेवले,
मग सेल काढले.
चार स्क्रू. त्यातला एक टेबलाखाली पळाला,
तो एनिडनं गुडघे टेकून शोधला,
ब्याऐंशीव्या वर्षी, मी नको नको म्हणत असताना.
चिमट्यात पट्टी धरली तेव्हा
मी श्वास घेत नव्हते. तीही नसावी.
पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदाही नाही.
मी मराठीत एक शब्द उच्चारला,
ती म्हणाली, "अगदी बरोबर."

तिसऱ्यांदा.

पडदा आला.
आधी मळभ, मग त्यात बारीक अक्षरांच्या मुंग्या.
मी न वाचता तिच्याकडे फिरवला.
नवऱ्याचं काही असेल, आपण कशाला.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.
मग मोठ्यानं:
"कोंबड्या आत."

डिसेंबरात लावलेला गजर.
चार दहा, अंधार पडायची वेळ.
वसंतात घड्याळं पुढं गेली, याला कुणी सांगितलं नाही.
दिवस मोठे झाले, तेव्हा बदलायला
व्हर्नन नव्हता.

"कोल्ह्यानं नेल्या," एनिड म्हणाली.
"सातही. त्याला पुरलं त्याच आठवड्यात.
हा ओरडत होता
आणि मी याच्यावर उशी ठेवली होती."

मी सोल्डरिंगचं टोक पुसत राहिले,
ते स्वच्छच होतं.

मागे टोस्टर घेतलेला माणूस खोकला.
एनिडनं यंत्र जवळ ओढलं, चष्मा वर सरकवला.
"वेळ बदलता येते का गं यात?
मे आहे. नऊपर्यंत
उजेड असतो."

मी कळ दाखवली.
एकेक आकडा मोठ्यानं म्हणत
तिनं नऊ दहा केले,
मोजा झटकला,
आणि टोस्टरवाल्याला जागा दिली.